पिकदाणीचा कमरपट्टा

मित्रांनो, आज मला पाहिलंत तर तुम्ही म्हणाल, हा एक जुना चांदीचा कमरपट्टा आहे, जरा काळवंडलेला, एक कडी सैल झालेला. ते खरंच आहे. पण जन्मानं मी कमरपट्टा नव्हे. जन्मानं मी पिकदाणी. पिकदाणी स्त्रीलिंगी, पट्टा पुल्लिंगी. ज्या घरात मी वाढलो तिथे दिवसभर व्याकरण चाले, पण माझ्यासारख्यानं स्वतःला 'होते' म्हणावं की 'होतो', याचा निकाल कोणी लावला नाही. आजच्या रूपाला धरून मी 'होतो' म्हणतो. सांभाळून घ्या.

ते घर काशीतलं, रामघाटाच्या गल्लीतलं. तेव्हा रुपयावर विलायतेच्या राजाचं तोंड असे. घराचे मालक ढुंढिराजशास्त्री घरीच वेदपाठशाळा चालवत. भागवतसप्ताह फार रंगला म्हणून रामनगरच्या एका जमीनदारानं मला त्यांना भेट दिलं होतं. शास्त्रीबुवांना माझा कोण अभिमान! पाहुणा आला की आधी मला दाखवत, मग त्याला बसायला सांगत. तोंडात सदैव किमामाचं, म्हणजे तंबाखूच्या सुवासिक अर्काचं, पान. एक अध्याय झाला की पिंक, शंका विचारली की पिंक, आणि शंका अवघड असली तर दोन.

त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई मला रोज राखेनं घासत. घासताना तोंड दुसरीकडे वळवत. मला त्याचं वाईट वाटे, पण राग येत नसे. आत काय असे ते मलाच ठाऊक.

पुढे त्यांच्या मुलीचं, शरदिनीचं, लग्न ठरलं. मुलगा काशीतल्याच बालाजी घाटावरचा, नीलकंठ नावाचा, शाळेत मास्तर. स्थळ उत्तम. फक्त त्याची आई कालिंदीबाई फार सोवळ्याच्या. गंगेचं पाणीसुद्धा गाळून घेत. त्यांनी एवढंच म्हटलं होतं की सून चांदीच्या कमरपट्ट्यात यावी. आता शास्त्र्याच्या घरात चांदी म्हणजे मी आणि एक मोडकं निरांजन. अन्नपूर्णाबाईंनी नवऱ्याकडे गोष्ट काढून पाहिली. शास्त्रीबुवा म्हणाले, हवं तर घर गहाण टाकू, पण पिकदाणीचं नाव काढायचं नाही.

मग ते पारायणासाठी गंगेपलीकडे रामनगरला गेले, आणि इकडे मायलेकींनी मला शेल्यात गुंडाळून सराफ्याची वाट धरली.

गंगासाव सोनारानं मला उलटंपालटं करून पाहिलं, नाकाशी नेलं आणि झटकन लांब धरलं. "पंडिताइन, इसमें तो अब भी किमाम महक रहा है," तो म्हणाला. अन्नपूर्णाबाईंनी पदर तोंडाला लावला. शरदिनीला हसू आवरेना.

त्यानं कातरीनं माझे तुकडे केले. दुखलं का, असं तुम्ही विचाराल. दुखलं नाही, अपमान झाला. मग तुकडे मुशीत, म्हणजे मातीच्या जाड वाटीत घातले, निरांजनही टाकलं आणि मूस कोळशात ठेवून भाता ओढायला सुरुवात केली. मूस तापली तसा आधी एक धूर निघाला. किमामाचा असा घमघमाट सुटला की गल्लीतले दोघेजण डोकावून पान मागून गेले. मग मी लाल झालो, मग सैल पडलो, आणि मग माझं सगळं अंग पाणी पाणी झालं. गंगासावनं चिमूटभर टाकणखार टाकला. वर्षानुवर्षांचा मळ वर तरंगून आला. त्यानं तो काठीनं बाजूला सारला. मित्रांनो, तेव्हा मी चमकलो तसा जमीनदाराच्या घरीही कधी चमकलो नव्हतो. लोखंडी साच्यात ओतल्यावर माझी कांडी झाली. ती ठोकून, लहान लहान छिद्रांतून ओढून तार केली, तारेच्या कड्या वळल्या, आणि माझा कमरपट्टा झाला; उरलेल्या चांदीतून सासरच्या मानाच्या दोन लहान वस्तूही झाल्या.

शास्त्रीबुवा परतले तेव्हा मी बैठकीतच लाल फडक्यावर मांडलेला होतो. यजमानानं निघताना दिलेलं पान त्यांच्या गालात होतं. गंगेत थुंकणं त्यांना शक्यच नव्हतं, त्यामुळे सगळी नदी त्यांनी गाल फुगवून पार केली होती. घरात शिरताच त्यांचा हात सवयीनं माझ्या जुन्या कोपऱ्याकडे गेला. कोपरा रिकामा.

पिकदाणी कुठे आहे हे विचारायला तोंड रिकामं हवं, आणि तोंड रिकामं करायला पिकदाणी हवी. त्यांनी हातवारे केले, डोळे वटारले. अन्नपूर्णाबाईंनी हा मुहूर्त बरोबर साधला. त्यांनी शांतपणे मला उचलून दाखवलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. नवरा मध्ये एक शब्द बोलू शकत नाही असं त्यांच्या संसारात पहिल्यांदाच घडत होतं. त्या जरा सावकाशच बोलल्या. शेवटी शास्त्रीबुवा धावत गल्लीतल्या मोरीपाशी गेले. परत आले तोवर राग पिंकेबरोबर वाहून गेला होता. त्यांनी मला आणि त्या दोन वस्तूंना एकत्र हातात घेऊन तोललं आणि म्हणाले, "वजन बाकी तेच आहे."

लग्न लागलं. दुपारी विहिणींची पंगत बसली. शरदिनी सासूशेजारी बसली होती आणि मी तिच्या कमरेला. कालिंदीबाईंनी माझ्याकडे पाहून पट्टा सुरेख झाल्याचं सांगितलं. तेवढ्यावर भागलं असतं. पण शास्त्रीबुवा "सावकाश होऊ द्या" म्हणत पंगतीतून फिरत होते आणि त्यांच्या कानी ते पडलं.

"सुरेख का नसेल?" ते म्हणाले. "रामनगरच्या जमीनदारानं दिलेली चांदी आहे. माझी पिकदाणी होती ही."

पंगतीतले सगळे हात पानावर थांबले. तूप वाढणाऱ्या अन्नपूर्णाबाईंनी तुपाची लोटी खाली ठेवली.

कालिंदीबाई म्हणाल्या, "म्हणजे ज्यात तुम्ही जन्मभर थुंकलात, ते माझ्या सुनेच्या कमरेला? हा पट्टा माझ्या उंबऱ्याच्या आत यायचा नाही." आणि त्यांनी पान पुढे सारलं. विहीण पानावरून उठणार! ते झालं असतं तर पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं.

दाराशी शास्त्रीमंडळी जमली. एकानं धातू अग्नीनं शुद्ध होतो असं वचन काढलं. दुसऱ्यानं ते सोन्याला, चांदीला नव्हे, असं म्हटलं. तिसऱ्याला मूळ प्रश्न उष्ट्याचा की थुंकीचा हे आधी ठरवायचं होतं. भात निवत चालला. मी शरदिनीच्या पोटाला बिलगून होतो. तिचा श्वास भराभर चाललेला मला कळत होता. मग तो एकदम संथ झाला. ती सासूकडे वाकली.

"सासूबाई," ती हळूच म्हणाली, "उरलेल्या चांदीचा तुमचा करंडा झालाय. सकाळी त्यातलंच कुंकू लावलंत तुम्ही."

कालिंदीबाईंचा हात कपाळाकडे गेला आणि बोटभर अंतरावर थांबला. कुंकू पुसायचं? मुलाच्या लग्नात? भरल्या पंगतीत? हात तसाच हवेत राहिला. त्यांनी दाराशी भांडणाऱ्या शास्त्र्यांकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि हात खाली घेऊन पान पुन्हा ओढून घेतलं.

"अग्नीतून निघालं ते शुद्ध," त्या ठणकावून म्हणाल्या. "एवढ्यासाठी पोथ्या कशाला हव्यात? जिलबी येऊ द्या."

दाराशी भांडण मिटलं. जिलबी आली. मग कालिंदीबाईंनी घास घेता घेता सुनेला विचारलं, "आणखी काय काय केलंय त्याचं? आत्ताच सांगून टाक."

"मामंजींची तपकिरीची डबी."

कालिंदीबाईंनी जिलबीचा आणखी एक तुकडा मोडला. "ते त्यांना नको सांगूस," म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्या दोघींचं जे जमलं ते कायमचं. मी हळदीकुंकवांना मिरवलो. कार्तिकात घाटावर दिवे लागत तेव्हा माझ्या प्रत्येक कडीत एकेक ज्योत दिसे. पुढे कमरपट्टे मागे पडले आणि मी पेटीत गेलो. तिथे कोणी मारत नाही, ठोकत नाही, पण तिथेच मी काळा पडलो. पिकदाणी असताना निदान रोज कोणीतरी घासत होतं.

आता शरदिनीची मुलगी विशाला पैंजण मागते आहे. नीलकंठरावांना वाटतं, लग्नातली वस्तू मोडू नये. थकलेल्या कालिंदीबाई खाटेवरून म्हणाल्या, "अरे मोडा. पेटीला कसले दागिने घालता?" तेव्हा उद्या मी पुन्हा मुशीत जाणार.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी मोडकी डबी, एकुलतं एक जोडवं, वाकडी वाटी फडक्यात पडून असेल. तिची आठवण राहावी म्हणून तिला अंधारात ठेवू नका. घासा, वापरा, आणि वापरण्याजोगी राहिली नाही तर खुशाल वितळवा. तिला त्याचं काही वाटत नाही, हे मी अनुभवानं सांगतो. मला तर उद्याची घाईच झाली आहे. इतकी वर्षं मी लोकांचं नुसतं ऐकत आलो. पैंजणांना घुंगरू लावणार आहेत म्हणे.