तोंड झाकलेला वाटाड्या

"तुमच्यापैकी कुणाला दम लागत असेल तर त्यानं इथूनच मागं फिरावं," तोंड झाकलेला वाटाड्या म्हणाला. "पुढं सगळा चढ आहे. कुणी गेलं तर मला राग यायचा नाही, मॅडमनाही नाही."

"काका, आम्ही इथलेच आहोत," पामेला म्हणाली. "दम परदेशी लोकांना लागतो."

सगळी मुलं हसली. मार्लेनी हसली नाही. मागं फिरायचं ते त्याचं वाक्य फक्त तिच्यासाठी होतं हे तिला कळलं होतं. त्या माणसाचं तोंड काळ्या लोकरी टोपीनं गळ्यापर्यंत झाकलेलं होतं, नुसते डोळे तेवढे उघडे. खांद्याला बूटपॉलिशची लाकडी पेटी. ला पाझच्या चौकाचौकात असे शेकडो पॉलिशवाले तोंड झाकून बसतात आणि कुणी त्यांच्याकडे वर मान करून बघत नाही. मार्लेनीनंही कधी बघितलं नव्हतं. पण पाच मिनिटांपूर्वी सान फ्रान्सिस्कोच्या चौकात या माणसानं घसा खाकरून "नमस्कार मंडळी" म्हटलं आणि तिनं दचकून वर बघितलं. तो तिच्या बापाचा आवाज होता.

तिचा बाप निकासिओ तार्की छापखान्यात मशीनवर कामाला होता. निदान गेली अकरा वर्षं घरात तशी समजूत होती. नखांतला काळा रंग म्हणजे शाई, हे मार्लेनीनं लहानपणापासून गृहीत धरलेलं. पर्यटनाच्या अभ्यासक्रमाला नाव घालताना वडिलांच्या धंद्यासमोर तिनं 'मुद्रण' असा चांगला शब्द लिहिला होता आणि तो लिहिताना तिला बरं वाटलं होतं.

आणि आज उर्किदी मॅडमनी वर्गाला शहर दाखवायला म्हणून पॉलिशवाल्यांच्या संघटनेचा वाटाड्या ठरवला होता. "तारखा कुणीही पाठ करतं," मॅडम म्हणाल्या होत्या, "शहर दाखवावं कसं ते या लोकांकडून शिका." वाटाड्या कोण येणार हे मॅडमना माहीत नव्हतं, आणि कोणता वर्ग येणार हे बापाला. मुलांच्या मागच्या रांगेत मार्लेनी दिसली तेव्हा त्याचं बोलणं एक क्षण तुटलं, एवढंच. मग त्यानं तिला पळून जायला ती वाट करून दिली होती.

ती गेली नाही. डोकं दुखतंय म्हणायचं आणि सटकायचं, इतकं सोपं होतं. पण राग आला होता तिला. अकरा वर्षं खोटं बोललास ना, मग आता बोल माझ्यासमोर, असं काहीतरी मनाशी म्हणत ती चालू लागली.

आणि तो बोलला. चढाच्या गल्लीत त्यानं पहिल्यांदा दाखवली ती एक दगडी पायरी, मधोमध झिजून खोलगट झालेली. "देवळाचा कळस सगळेच दाखवतात," तो म्हणाला. "तुम्ही खाली बघा. ही पायरी डावीकडं जास्त झिजलीय. का? उजवीकडं भिंतीशी बायका पाठीवर ओझं टेकून विसावा घेतात, म्हणून बाकीच्यांना डावीकडनं जावं लागतं. तीनशे वर्षं हेच चाललंय."

मुलं वाकून बघायला लागली. खरोखरच एक बाई भिंतीला गाठोडं टेकून उभी होती. ती हसली.

जडीबुटीच्या बाजारात साटुर्निना म्हातारीनं त्याला लांबूनच हाक दिली. "काय रे काळ्या बोक्या, आज शाळा काढलीस होय?"

"मावशी, शिकलेली पोरं आहेत. जरा नीट बोल."

"शिकलेली असोत नाहीतर काही. घर बांधतील तेव्हा माझ्याकडंच येतील." तिच्या दुकानावर लामा या लोकरी जनावराची वाळलेली पिल्लं टांगलेली होती, घराच्या पायाखाली धरतीमातेसाठी एक पुरावं लागतं.

"त्या तिकडच्या काचेच्या उंच इमारती दिसतात ना," बाप मुलांना म्हणाला, "त्यांच्याही पोटात एकेक आहे. इंजिनियर कबूल करायचे नाहीत. मावशीला विचारा, रात्री गाडी लांब उभी करून कोण कोण येतं."

म्हातारीनं नावं काही सांगितली नाहीत, पण अशी गालात हसली की मुलांना सगळं समजलं. उर्किदी मॅडम भराभर लिहून घेत होत्या. मार्लेनीच्या लक्षात आलं की आपणही वही काढलीय.

मुरिल्यो चौकात संसदेच्या घड्याळाचे काटे उलटे फिरतात. ते सगळ्यांना तोंडपाठ होतं, म्हणून त्यानं घड्याळ दाखवलंच नाही. त्याऐवजी समोरून येणाऱ्या माणसांचे बूट दाखवले. हा पठारावरून आला, बघा टाचेला लाल माती. ते साहेब खालच्या श्रीमंत वस्तीतले, तळवा शाबूत, म्हणजे गाडीतून उतरतात. आणि ते जाड बूटवाले तिघं खाणीतले, उद्यापरवा मोर्चा आहे, आजच जागा बघायला आलेत. तेवढ्यात त्या तिघांतल्या एकानं खरंच थांबून चौकात येणारे रस्ते मोजले. वर्गातल्या रोद्रिगोनं शीळ घातली.

"पण काका, देशाची खरी राजधानी सुक्रे आहे, ला पाझ नाही," कुणीतरी चिमटा काढला.

"कागदावर सुक्रे," तो शांतपणे म्हणाला. "मंत्र्यांचे बूट कुठं घासले जातात ते मला विचारा."

या वेळी मार्लेनीही हसली. राग कुठं गेला ते तिला कळलं नाही. घरी हा माणूस जेवताना मीठ मागण्यापुरतं बोलायचा. इथं अख्खा वर्ग त्याच्या तोंडाकडे, म्हणजे टोपीकडे, टक लावून बघत होता. इतकं चांगलं आपल्या वर्गात कुणाला बोलता येणार नाही, मॅडमनासुद्धा नाही, असं तिला वाटलं आणि तिचा ऊर भरून आला. आणि त्याच वेळी भीतीही वाटली, कारण पामेला कधीची काहीतरी विचारायच्या तयारीत होती.

"काका, एक विचारू? तोंड का झाकता?"

"थंडी."

"आज तर ऊन आहे."

"पॉलिशचा वास डोक्यात जातो."

"आता तर पॉलिश करत नाही आहात. लोक म्हणतात, तोंड झाकणाऱ्यानं काहीतरी केलेलं असतं."

मॅडम "पामेला" म्हणून दटावायला गेल्या, पण त्यानं हात वर केला. "विचारू द्या. वाटाड्याला विचारायचं नाही तर कुणाला?" मग तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मला मुलगी आहे, पोरी. तुझ्याएवढीच. शिकते. तिच्या वर्गातलं कुणी या चौकात बसून माझ्या पेटीवर पाय ठेवणार आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सांगणार, अमकीच्या बापाकडनं बूट पुसून घेतले. मग तिनं कुठं बघायचं? म्हणून मी झाकून घेतो. तिला माहीत नाही. ती समजते मी दुसरीकडं कामाला आहे."

पामेलाचा चेहरा उतरला. मार्लेनी कबुतरांकडे बघत राहिली आणि तिला एकही कबुतर धड दिसत नव्हतं.

फेरीच्या शेवटी झाडांच्या सावलीत बाकावर बसवून पाहुण्यांचे बूट चमकवून द्यायचे, अशी या वाटाड्यांची रीत. मुलं एकेक करून बसली. तो खाली बसला, नाड्या बुटात खोचल्या, ब्रश मारला, फडक्यानं टपटप चमकवलं, पेटीवर टिचकी मारली की दुसरा पाय. पामेलानं बूट पुढं करताना "सॉरी काका" म्हटलं. "थंडीच असते खरं तर," तो म्हणाला, आणि ती रडवेली हसली.

मग मार्लेनीची पाळी आली. ती उभीच राहिली.

"बसा ताई," तो म्हणाला. "सगळ्यांचं झालं, तुम्हीच राहिलात." डोळ्यांनी तो विनवत होता, बस, नाहीतर यांना संशय येईल. ती बसली. बापाच्या पेटीवर तिनं पाय ठेवला, पण भार टाकला नाही. त्यानं काम चटकन उरकलं. ब्रश खाली ठेवला. आणि मग, इतक्या मुलांचे बूट पुसून झाल्यावर, त्याच्या हातांनी आपसूक तिच्या नाड्या बुटातून बाहेर काढल्या, दुहेरी गाठ मारली आणि टोकं आत खोचून वरून एक थाप दिली.

"हे बरंय काका," रोद्रिगो ओरडला. "आमच्या नाड्या आम्हीच बांधायच्या आणि हिचे लाड."

बापाचे हात तिथंच थांबले. "सैल होती," तो म्हणाला. "पोरगी पडली असती."

हसून सगळे तयारीला लागले. विषय संपला होता. मार्लेनीनं फक्त उठायचं होतं आणि बसमध्ये जाऊन बसायचं होतं.

"पहिलीपासून तेच बांधतात," ती म्हणाली. "माझे बाबा आहेत ते."

कुणाला आधी कळलंच नाही. मग हळूहळू सगळे वळले. पामेलानं तोंडावर हात ठेवला. बाप खाली मान घालून फडकं घडी करत राहिला.

"कशाला बोललीस?" तो फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाला. "एवढी वर्षं जपलं होतं."

"माहितीय."

"उद्या वर्गात जायचंय तुला."

"जाणार आहे."

उर्किदी मॅडम वही घेऊन पुढे आल्या. संघटनेच्या कागदावर वाटाड्याच्या नावाची जागा नेहमी कोरीच असायची, मॅडमनाही ते ठाऊक होतं. तरी त्यांनी विचारलं, "नाव काय लिहू, महाशय?" त्यांनी याआधी दिवसभर त्याला काकाच म्हटलं होतं.

त्यानं मुलीकडे बघितलं. मग त्यानं वडिलांच्या आणि आईच्या दोन्ही आडनावांसकट सांगितलं, "निकासिओ तार्की पोमा", आणि मॅडमनी ते त्याला वाचून दाखवलं.

बस गेली. मार्लेनी थांबली. सकाळपासून त्यानं काही खाल्लं नव्हतं, म्हणून तिनं कोपऱ्यावरच्या गाडीवरून दोन सारण भरलेल्या पुऱ्या आणल्या. पॉलिशवाले खाताना टोपी नाकापर्यंत वर करतात आणि कुणी बघू नये म्हणून भिंतीकडे तोंड करतात. तोही सवयीनं पुरी हातात घेऊन भिंतीकडे वळला.

मार्लेनी गेली आणि त्या भिंतीला पाठ लावून त्याच्यासमोर उभी राहिली. मग त्यानं टोपी वर केली आणि खायला सुरुवात केली.