भंडाऱ्याची शपथ

सात रस्त्याजवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात आज मल्हारची तोंडी परीक्षा होती. स्वतः दारूतून बाहेर पडलेल्यांनी शिकून दुसऱ्यांना हात द्यायचा, असा केंद्राचा अभ्यासक्रम होता. पास झालं की 'साथी' म्हणून प्रमाणपत्र आणि केंद्रातच नोकरी. चिंचोळी एमआयडीसीत पोती उचलून मल्हारची कंबर कामातून गेली होती, नोकरी हवीच होती. पण खरं सांगायचं तर त्याला प्रमाणपत्राचीच जास्त ओढ होती. गटाराकडेला पडलेला बघून ज्या भावकीनं तोंड फिरवलं, त्या भावकीला चहाला बोलवून भिंतीवरची ती चौकट दाखवायची होती. हौसेला मोल नसतंच म्हणा.

परीक्षेची एक अट होती. ज्याला सावरलं, त्या माणसाला सोबत आणायचं. मल्हारनं सिदूचं नाव दिलं होतं. सिदू सांगोल्याकडचा, त्याच्याच वाडीतला, पाठच्या भावासारखा.

परीक्षा घेणाऱ्या उत्कर्षा मॅडमनी वर्गात बजावलं होतं, "कुणाला शपथ घालू नका. ती मोडली की माणूस तोंड लपवतो, आणि आपल्याकडे यायचा बंद होतो." मल्हारनं शहाण्यासारखी मान डोलावली होती. मनात मात्र म्हणाला होता, बाईंना आमचा बिरोबा काय ठाऊक! आणि सुट्टी मिळताच त्यानं सिदूला वाडीवर नेऊन देवापुढे भंडारा उचलायला लावला. देवाची हळद मुठीत घेऊन दिलेला शब्द मोडायची धनगराची छाती होत नाही. सिदूची बाटली सुटली. तेव्हापासून मल्हार जरा ताठच चालायचा.

आज सिदू आलाच नाही. आली ती त्याची बायको, गोजरबाई.

"भावजी, मी बोलते की आत," ती घाईनं म्हणाली. "त्ये ड्युटीवर हायेत, चांगले हायेत, असं सांगते."

"खरं सांग. कुटं हाय त्यो?"

गोजरबाईचा धीर सुटला. "प्याले, भावजी. आता भंडारा मोडला म्हनत्यात, देव बी गेला आन् मल्हारदादा बी गेला. घरात जेवत न्हाईत, देव्हाऱ्याकडं बगत न्हाईत. दादाचं नुकसान नगं म्हणून त्यांनीच मला शिकवून धाडलंय. मागच्या बोळात बसल्यात."

गोजरबाई आत जाऊन दोन गोड शब्द बोलली असती, तर मॅडमनी सही केली असती. हा विचार त्याच्या मनात आला, आणि चांगला ठाण मांडून बसला. मग त्याला स्वतःचीच शिसारी आली. तो बोळाकडे वळला.

सिदू भिंतीला टेकून बसला होता. मल्हारला बघून त्यानं गुडघ्यात तोंड घातलं.

"दादा, जवळ येऊ नगंस. मी बाटलोय."

"ऊठ. आत चल."

"कुटल्या तोंडानं? भंडारा हाय त्यो. मला आता सुटका न्हाय."

मल्हार त्याच्यासमोर मातीत बसला. घरी लेक होती, वाडीवर भावाची मेंढरं होती, आणि बिरोबाच्या कोपाला तो मनापासून भीत होता. तरी तो बोलला, "शपथ मी घातली. मोडली ती माज्या माथी. द्येवाला काय घ्यायचं आसंल त्ये माज्याकडनं घेऊ दे. तू मोकळा."

सिदू लहान पोरासारखा हुंदके देत उठला.

मल्हारनं त्याला तसाच, दारूच्या वासासकट, परीक्षेच्या खोलीत नेलं. "मॅडम, ह्योच सिदू. प्यालाय. तुमी नगं म्हनलेलं आसताना मी ह्याला भंडारा उचलायला लावला. म्हणून ह्यो लपून बसला."

मॅडमनी आधी सिदूला खुर्ची दिली, पाणी दिलं, दाखल करून घ्यायला सांगितलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मल्हारभाऊ, आज मला सही करता येणार नाही."

"व्हय," मल्हार म्हणाला.

दुपारी तो वॉर्डात गेला. सिदूचे हात थरथरत होते. मल्हारनं पेला धरून त्याला पाणी पाजलं.

"दादा, पास झालास?"

"न्हाय."

सिदूनं डोळे मिटले. मग त्यानं भीत भीत विचारलं, "आन् मी परत घसरलो तर?"

आता न्हाय घसरायचं, घे माज्या लेकीची आण, हे शब्द मल्हारच्या अगदी जिभेवर आले होते. ते त्यानं आतच दाबले.

"तर परत हितंच यायचं. प्यालेला आसलास तरी यायचं."

"आन् तुला हितं ठेवलंच न्हाई तर?"

"तर माज्या घरी ये," मल्हार म्हणाला.