मनस्वीच्या वाटीतली साखर

मुरबाडच्या एसटी स्टँडामागे अनिलचं किराणा दुकान होतं. तो माल आणायला कल्याणला गेला की गल्ल्यावर त्याची बायको नम्रता बसायची. एके दिवशी शाळेत दातांची तपासणी झाली आणि त्यांच्या सात वर्षांच्या मनस्वीच्या चार दाढा किडलेल्या निघाल्या. सकाळी काय खाते, असं डॉक्टरीणबाईंनी नम्रताला शाळेत बोलावून विचारलं. चॉकलेटी फ्लेक्स आणि दुधात पौष्टिक पावडर, नम्रताने जरा अभिमानानेच सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. पुड्यामागची बारीक अक्षरं एकदा वाचा, एवढंच म्हणाल्या.

दुपारी दुकानात कोणी नव्हतं. नम्रताने पुडे उलटे केले. फ्लेक्समध्ये शंभर ग्रॅमला तीस ग्रॅम साखर, पावडरीत चाळीस. तिने लेकीच्या वाटीत मावतात तेवढे फ्लेक्स काट्यावर घातले, मग दोन मोठे चमचे पावडर. रोजची वीस ग्रॅम साखर पोटात जात होती. महिन्याची किती, ते डोळ्यांनी बघावं म्हणून तिने काट्यावर कागद ठेवून पोत्यातली साखर ओतली. काटा सहाशेवर गेला तेव्हा तिचा हात थांबला. पांढराशुभ्र ढीग. तो तिने स्वतःच्या हाताने, लाडाने भरवला होता.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सासू गुणाबाईंची तांदळाची भाकरी सुरू झाली. कधी सोबत उकडलेलं अंडं, कधी वालाची उसळ, कधी नाचणीची आंबील. मनस्वी आठवडाभर रुसली. दोनदा ताट सरकवून तशीच शाळेत गेली. नम्रताचा जीव तुटायचा, पण पुडा काही तिने फोडला नाही.

तिसऱ्या आठवड्यात मनस्वी चुलीपाशी कोरडी भाकरी चघळत बसली होती.

"आई, आज भाकरीत साखर घातलीस?"

नम्रताने नकारार्थी मान हलवली. गुणाबाई तव्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "तांदूळ गोडच असतो गो. तुमी चावताय कुठं?"

नम्रताने एक तुकडा तोंडात टाकला आणि गिळायची घाई केली नाही. चावत राहिली. हळूहळू, अगदी जिभेच्या कडेने, गोडी उतरू लागली. घरच्या शेतातला हाच तांदूळ ती लग्न झाल्यापासून खात होती, आणि हे तिला आज कळत होतं.

तिने दुसरा तुकडा मोडला. अनिल कल्याणला गेला होता आणि दुकान उघडायची वेळ होऊन गेली होती. गुणाबाईंनीही एक तुकडा उचलला आणि तिघीजणी चावत राहिल्या.