नसलेल्या शेवटाचं कौतुक

मित्रांनो, माणसांची बोटं झेलून झेलून झिजलेला मी एक कीबोर्ड. अंगावरची अक्षरं निम्मी पुसली गेली, लांब पट्टी एका अंगाने खचली, आणि फटींत बिस्किटांचा इतका चुरा साठलाय की मुंग्यांचं वर्षभर भागेल.

माझी उमेदीची वर्षं डोळ्यांच्या दवाखान्यात गेली. तिथे माझ्यावर फक्त नावं आणि चष्म्याचे नंबर उमटत. काम रुक्ष, पण चोख. चुकीचा नंबर गेला तर माणूस जिन्यावरून पडायचा, म्हणून लिहिलेलं प्रत्येक जण पुन्हा वाचून पाहायचा. “हा कधी दगा देत नाही,” असं डॉक्टरीणबाई माझ्याबद्दल म्हणत. ते कौतुक मी अजून जपलंय.

पुढे नवी यंत्रं आली, मी माळ्यावर गेलो. तिथून दवाखान्याच्या काउंटरवर बसणाऱ्या बाईंनी मला घरी आणलं. बाई इंटरनेटवरचा हौशी लेखकांचा एक ग्रुप सांभाळायच्या. नियम एकच: आधी दुसऱ्या दोघांचं वाचायचं, मत द्यायचं, मग आपलं टाकायचं.

काय सांगू, त्या ग्रुपने बाईंचा जीव नकोसा केला. लोक यायचे, दोन ठिकाणी ‘वा, अप्रतिम’ चिकटवायचे, की आपली कविता टाकून मोकळे. एकाला बाईंनी नम्रपणे विचारलं, कथेतली आजी सुरुवातीलाच वारली, मग ती पुढे चहा कसा करते? तर तो म्हणाला, तुम्हाला आतलं कळत नाही. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे एक गृहस्थ, आमचे टिंबवाले. दर शब्दापुढे टिंबं; सकाळी कविता, दुपारी कविता, जेवता जेवता कविता. बाई ते पुटपुटत वाचायच्या आणि सगळा राग माझ्या एंटरवर काढायच्या.

मग बाईंनी स्वतः एक कथा लिहिली, दोन बहिणींच्या अबोल्याची. आईच्या दुखण्यात धाकटी आली नाही, म्हणून मोठीने दार लावून घेतलं. ती धाकटी म्हणजे बाईच. कथा ताईला पाठवायची होती. पण शेवट वाचून ताईला ती माफी वाटेल की टोमणा, हेच उमजेना. लिहायच्या, पुसायच्या, माझी खोडायची कळ तापून जायची. अखेर लेकीला म्हणाल्या, “परक्यांना विचारते. त्यांनी खरं सांगितलं की पाठवते.”

कथा ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, शेवटाबद्दल मनापासून सांगा. भराभर मतं आली. ‘शेवट काळजाला भिडला.’ ‘शेवटाने रडवलं हो.’ बाईंचा चेहरा उजळला. कथा ताईला पाठवायला घेतली, तेवढ्यात टिंबवाल्यांचा निरोप आला. बाई कपाळाला हात लावून वाचू लागल्या: “धाकटी दारापाशी येऊन उभी राहते... आणि मग...? पुढचं पान राहिलं का...?”

बाईंनी तपासलं. चिकटवताना शेवटचं अख्खं पान राहूनच गेलं होतं. जो शेवट तिथे नव्हताच, त्याने इतकी माणसं रडली होती.

लेक हसून लोळली. “आई, तुझ्या न लिहिलेल्या शेवटाला तोड नाही. तोच पाठव मावशीला.”

बाई हसल्या नाहीत. राहिलेलं पान त्यांनी फक्त टिंबवाल्यांना धाडलं. उत्तर आलं: “दोनदा वाचलं... रागावू नका... ती किती थकली होती, किती लांब होती, सगळं सांगते... चुकले असं कुठे म्हणत नाही... मी मोठीच्या जागी असतो तर दार उघडलं नसतं...”

बाईंनी मला असं ढकललं की मी भिंतीवर आपटलो. याला धड एक ओळ लिहिता येत नाही आणि मला शिकवतो, असं म्हणत स्वयंपाकघरात भांडी आदळत राहिल्या. मग आल्या, बसल्या. कारणांचा अख्खा परिच्छेद खोडला. आणि हलक्या बोटांनी एवढंच उमटवलं: ‘ताई, माझं चुकलं. मी यायला हवं होतं.’ माझ्यावर पुष्कळ सुंदर शब्द आपटले गेलेत, मित्रांनो. इतक्या हळुवारपणे कुणी ठेवले नव्हते.

कथा ताईकडे गेली. टिंबवाल्यांना आभार गेले, टिंबं आवरा अशी विनंतीही गेली. ती त्यांनी मानलेली नाही. ताई शेवटपर्यंत वाचतील की ‘छान’ म्हणून बाजूला सारतील, मला ठाऊक नाही.

जोडायला मला हात नाहीत, तरी विनवतो. लिहा, पोटभर लिहा, माझी उरलेली अक्षरंही पुसून टाका. पण मत ठोकण्याआधी समोरच्याचं पूर्ण वाचा. कोण जाणे, तुमच्या एका शब्दावर विसंबून कुणीतरी आपल्या बहिणीचं दार वाजवायला निघालेलं असेल.