रिकाम्या ऐरणीवरचे ठोके

“आई, पिशवी खाली ठेवा की. इथं कोण नेतंय?” थोरली सून म्हणाली.

सभागृहातल्या खुर्चीत बसूनही मी पिशवी मांडीवरच ठेवली. तिच्यात कारखान्याची किल्ली होती. कारखाना म्हणजे स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला लागलेली, तांब्यापितळेची भांडी घडवायची खोली. हे गेल्यापासून बंदच. थोरला कचेरीत खुर्ची उबवतो, त्याला हातोडा कुठल्या बाजूनं धरायचा तेही ठाऊक नाही. शेजारचा बेकरीवाला जागा मागत होता, आणि उद्या त्याला शब्द द्यायचा होता. मी घरात बजावलं होतं, आधी धाकट्याला तोंडावर विचारीन, ऐरणीवर बसतोस का म्हणून. नाही म्हणाला तर किल्ली बेकरीवाल्याची.

धाकटा यांच्याच मांडीला मांडी लावून शिकला. पाठ फिरवून ऐकलं तर बापाचा ठोका कुठला आणि लेकाचा कुठला, कळत नसे. मग एके दिवशी ड्रम वाजवायला निघून गेला. हे एवढंच म्हणाले, “आमच्या ठोकण्यातून निदान भांडं निघतं. तुझ्या ठोकण्यातून काय निघणार?” तिथून बोलणं बंद. यांनी त्याचा कार्यक्रम कधी ऐकला नाही, आणि हे जाणार नाहीत तिथं मी कशाला जाते? आज पहिल्यांदाच आले होते.

सून कानाशी लागून सांगत होती, याला जॅझ फ्युजन म्हणतात, इकडचं तिकडचं एकत्र करून वाजवतात. म्हटलं, रात्रीचं उरलंसुरलं एकत्र करून मीही सकाळी करते, त्याला तिकीट लावत नाही. ती फिसकन हसली, तसा पुढचा टकल्या वळून बघायला लागला.

वाजवणं सुरू झालं. गिटारवाला दाढ दुखत असल्यासारखं तोंड करत होता. एक बाई सॅक्सोफोन फुंकत होती, त्याचं पितळ मात्र लख्ख घासलेलं. एका घरात चार सुना असाव्यात तसे चौघं चार दिशांना चालले होते. धाकटा सगळ्यांच्या मागं. बाह्या दुमडलेल्या, बापासारख्याच, कोपराच्या वर.

मग बाकीचे थांबले आणि तो एकटाच वाजवू लागला. आधी धुमाकूळ घातला. नंतर हात हलका करत करत झांजेच्या कडेवर आला. बारीक, सारखे ठोके. भांडं घडून झालं की त्याला हळूहळू फिरवत शेवटचा हात मारतात, तसे. मी डोळे मिटले. माझ्या कितीतरी दुपारी या आवाजात शिजल्यात.

तो थांबला. आणि मग दोन सावकाश, एक हलका.

आमचे हे मानी. ‘भूक लागली, वाढ’ असं जन्मात म्हटलं नाही. काम संपलं की रिकाम्या ऐरणीवर असेच ठोके द्यायचे, आणि मी हातातलं टाकून उठायची.

मी उठले. पिशवी खाली पडली, किल्ली खणकन वाजली.

“आई, कुठं निघालात?”

“ताट वाढायला,” मी म्हटलं.

तोंडातून गेल्यावर कळलं कुठं आहे ते. सगळ्या सभागृहात मी एकटी उभी. मागून कोणीतरी म्हणालं, आजी, बसा, दिसत नाही. मी बसले नाही. धाकट्यानं मला पाहिलं होतं. त्याच्या काड्या तशाच हवेत होत्या.

कार्यक्रम संपल्यावर तो घाम पुसत बाहेर आला. “वहिनी म्हणाली, तुला काही विचारायचंय.”

“विचारून झालं, उत्तरही ऐकलं,” मी म्हटलं. “जागा बेकरीवाल्याला देतेय. ऐरण तेवढी तुझी. उद्या येऊन ने.”

त्यानं माझ्या हातातली पिशवी घेऊन खांद्याला लावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेम्पो घेऊन आला. हमाल बाहेर दोर सोडत होते. मी मागच्या दारात उभी होते. त्यानं बापाचा हातोडा उचलला, ऐरणीवरची धूळ तळव्यानं पुसली आणि माझ्याकडे बघितलं.

“वाजवू, आई?”

“हात धू,” मी म्हटलं. “ताट वाढलेलं आहे.”

त्यानं हातोडा आवाज न करता ऐरणीवर ठेवला.