महेश्वरीमागचा स्पीकर

"मांगून काय देखस, भाऊ? पुढला कपडा काढ," झुलाल म्हणाला.

हितेंद्रने मागची फळी उतरवून मोबाइलचा उजेड आत पाडला होता. गिटारचं जुनं कॅबिनेट, कोपऱ्यांवर रेक्झिन सोललेलं, आत दोन मोठे स्पीकर. दोन्हींच्या चुंबकांवर विलायती कंपनीचा शिक्का आणि खाली नंबर. त्याने तो नंबर मोबाइलवर टाकून पाहिला आणि त्याचा चेहरा खुलला.

"बेस गिटारचेच आहेत. चुंबक बघ ना केवढं आहे."

"नंबर चुंबकना शे. कागद कोना शे ते आठून समजत न्हई." धुळ्यात स्पीकरचे फाटके कागद बदलण्यात झुलालची हयात गेली होती. "कागद बदलेल व्हई तं? कागदनी कोर देखाले पाहिजे. कोर कापडनी व्हई तं बेसले चाली. निस्ता कागद व्हई तं गिटारना. मंग बेस लावशी तं फाटी जाई."

कोर पुढून दिसणार होती आणि पुढे कपडा होता. साधी जाळी असती तर हितेंद्रने केव्हाच उचकटली असती. पण ती महेश्वरी साडी होती. हितेंद्र सोहनलाल शेठच्या दुकानात साड्या विकायचा. बोट फिरवताच त्याला कळलं, खिळ्यांपाशी वीण पार विरली आहे. एक खिळा काढला तरी सगळं हातात येईल.

कॅबिनेट उखर्डू नानांकडून मागून आणलेलं, आणि साडी त्यांच्या बायकोची होती. पहूरचे नाना एकेकाळी जळगावच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. हितेंद्रला बेस धरायला त्यांनीच शिकवलं. टेम्पोत एकदा कॅबिनेटचा मूळ कपडा फाटला, तेव्हा सुनंदाक्कांनी ट्रंक उघडली. एकेक साडी तोंडाशी धरून त्यांनी नानांच्या गालावर फुंकर मारली. जिच्यातून वारा नीट आला, तिच्यातून आवाजही येईल म्हणून ती कापली. अक्का गेल्यावरही नाना ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, आणि सांगताना त्यांचा हात आपोआप गालाकडे जाई.

"कपड्याला हात लावायचा नाही. नानांची वस्तू आहे," हितेंद्र म्हणाला.

"तं बेस बी लाऊ नको."

नानांनीही तेच बजावलं होतं. "काय वाजवशीन?" त्यांनी विचारलं होतं. "गिटारच, नाना," असं हितेंद्र त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाला होता. त्याचा स्वतःचा बेसचा बॉक्स जळला होता, लग्नसराईत भाड्याने दुसरा मिळत नव्हता, आणि साक्रीची हळद तोंडावर आली होती. खरं सांगितलं असतं तर नाना नाही म्हणाले असते. आता नंबर बेसचा निघाल्यावर त्याला वाटलं, म्हातारा उगाच जपतोय. आपण कपड्याला हात लावला नाही, एवढ्यावरच त्याने स्वतःला सज्जन ठरवून टाकलं.

साक्रीत पहिलं गाणं झकास गेलं. दुसऱ्या गाण्यात सगळ्यात जाड तारेवर अंगठा पडला आणि आतून फर्र असा आवाज आला. मोठा नव्हता. नाचणाऱ्यांना तर कळलाच नाही. गाणाऱ्या मोहिनीने तेवढं एकदा वळून पाहिलं. थांबायला हवं होतं, हे हितेंद्रला तिथेच कळलं. पण लोक नाचत होते, आणि तो शेवटपर्यंत वाजवत राहिला. प्रत्येक सुराला आत काहीतरी आणखी फाटत होतं आणि ते त्याला तळपायातून कळत होतं.

कॅबिनेट परत करायला तो छोट्या टेम्पोतून पहूरला निघाला. वाटेत त्याने एक सबब तयार केली. साक्रीत व्होल्टेज खालीवर झालं, असं सांगायचं. सबब बरी होती. कोणीही मानली असती.

नानांनी खांद्यावरच्या टॉवेलने कॅबिनेट पुसलं. कपडा एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत न्याहाळला.

"कपडा लय सांभाळला तू," ते म्हणाले.

हितेंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाना एवढं बोलून थांबले असते तर तो तसाच पळून आला असता. पण त्यांनी गिटार जोडली. एक तार छेडली. पुन्हा तीच छेडली. मग आवाजाचं बटण हळूहळू मागे फिरवलं.

"बेस लावला का रे?"

"हो, नाना." व्होल्टेज घशातच राहिलं. "मागून बघितलं होतं. नंबर बेसचा होता."

"सांगाडा बेसचाच हाये. कागद म्या गिटारचा बसवला व्हता. त्याच्यावर मंग तिनं कपडा लावला." नानांनी गिटारची वायर काढून ठेवली. "मले इचारलं असतं तं सांगितलं असतं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. रागाला काहीतरी उत्तर देता येतं.

नाना आत जाऊन पक्कड घेऊन आले.

"नाना, राहू द्या. फाटेल ते."

"फाटीन तं फाटीन. आवाज निंगाले पाह्यजे."

पहिल्याच खिळ्याला कपडा पोळीच्या पापुद्र्यासारखा सुटला. हितेंद्रने पुढे होऊन दोन्ही हातांनी तो खालून धरला. तेवढंच त्याला सुचलं. नाना खिळे काढत गेले आणि साडीच्या पट्ट्या त्याच्या तळहातांवर पडत गेल्या. मागे पहिल्या स्पीकरची कोर उघडी झाली. ती निस्त्या कागदाची होती आणि अर्धी फाटलेली होती.

"कागद झुलाल बसवून देईल, नाना. मी करून आणतो," हितेंद्र म्हणाला.

"कागदाचं काई नई." नानांनी पट्ट्या त्याच्या हातातून घेतल्या आणि घडी घालायला लागले. घडी काही बसत नव्हती. "तू साडीच्या दुकानात हाये. असा कपडा भेटीन का?"

गिऱ्हाइकाला हितेंद्र दिवसभर 'मिळेल ताई, अगदी अश्शीच मिळेल' म्हणत असे. नानांना मात्र त्याच्याने तसं म्हणवलं नाही.

"बघतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच, गिऱ्हाईक यायच्या आत, त्याने महेश्वरीचा अख्खा कप्पा गादीवर काढला. एकेका साडीचा पदर तोंडाशी धरून तो स्वतःच्या तळहातावर फुंकर मारू लागला. सोहनलाल शेठ उदबत्ती लावता लावता थांबले.

"हितेंद्र, वास घेतोस काय मालाचा?"

"नाही, शेठ. वारा जातो का बघतोय."

"साडीतून वारा कशाला जायला पाहिजे? घट्ट वीण आहे. एक नंबर माल आहे."

"हो, शेठ," हितेंद्र म्हणाला आणि त्याने पुढची घडी मोडली. छातीत मावेल तेवढा श्वास भरून घेतला, पदर ओठांशी धरला आणि फुंकर मारली. तळहाताला काही लागलं नाही.