सयाजीचा गुडघा

दोन हजार तीन सालच्या दिवाळीनंतर कुंभेवाडीच्या माळावर तंबू उभे राहिले. कुटुंब नियोजनाचं शिबिर लागलं असं समजून गावातले निम्मे बाप्ये रानात पळाले. संध्याकाळी परत आले तेव्हा कळलं की कोल्हापूरच्या यशराज नावाच्या तरुणानं काजूच्या बागेत कॅम्प काढलाय आणि गोव्याला जाणारी माणसं वाटेत इथं पैसे देऊन तंबूत झोपणार आहेत. हे तर गावाला त्याहून पटेना. घरात गादी आणि पंखा असलेला माणूस चंदगडच्या माळावर येऊन दगडधोंड्यांत का झोपेल?

"घरात भांडणं झाली असतील," किराणा दुकानदार चन्नाप्पाची बायको दानम्मा म्हणाली, आणि तिच्यापुरता प्रश्न मिटला.

चन्नाप्पाला मात्र कॅम्प आवडला. चहापत्ती, बटाटे, शेंगदाणे सगळं त्याच्याच दुकानातून जाई. माणूस तसा समाधानी. वजनात मारत नसे, उधारीवरून भांडत नसे. आयुष्यात त्याला एकाच गोष्टीची घमेंड होती, ती म्हणजे विड्याची. चैत्रात रवळनाथाची यात्रा भरली की पालखी सजून तयार होई, ढोलवाले टिपऱ्या उगारून उभे राहत, पण चन्नाप्पाच्या हातात पहिला विडा पडल्याशिवाय ना ढोल वाजे, ना पालखी उचलली जाई. तसा गणपतराव मोठा बागायतदार, माजी सरपंच, गावात जीप असलेला एकटा. पण त्या घटकेला तोसुद्धा हात बांधून चन्नाप्पाकडे बघत उभा राही. वर्षभर फाटक्या बनियनवर बसणारा चन्नाप्पा त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घाली.

हा मान त्याच्या अज्जाचा, म्हणजे आजोबांचा. अज्जाच्या तरुणपणी प्लेग आला, गाव घरं सोडून बाहेर पडलं आणि याच माळावर झोपड्या घालून राहिलं. अज्जानं तेलाचा घाणा बैलासकट माळावर आणला. गावातल्या देवळात दिवा लावायला कुणी जाईना. अज्जा रोज एकटा जाई आणि परत येऊन झोपडी-झोपडीत पणतीपुरतं तेल वाटी, फुकट. माणसं मरत होती, तरी अंधार कुणाच्याच झोपडीत नव्हता. गाव परत फिरलं तेव्हा पंचांनी पहिला विडा अज्जाच्या हातात ठेवला. घाणा पुढं फुटला, त्याचा पोटात मोठा खड्डा असलेला दगड माळावरच अर्धा पुरून राहिला. म्हाताऱ्यांनी प्लेगाचं नावसुद्धा तोंडातून काढायचं नाही असं ठरवलं होतं, त्यामुळं मान राहिला आणि मानाचं कारण गाव विसरलं. चन्नाप्पाच्या घरात तेवढं ते ठाऊक होतं.

एका संध्याकाळी चन्नाप्पा कॅम्पवर शेंगदाणे द्यायला गेला, तर पाहुणे शेकोटीभोवती कंटाळून बसलेले. यशराज त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, पाहुणे विचारतात इथला इतिहास काय. मी उद्यापासून आंबेगाळीचा माणूस बोलवतोय, त्यांच्या गावात बुरूज आहे."

आंबेगाळी म्हणजे शेजारचं गाव. बुरूज म्हणजे तिथला मातीचा एक ढिगारा, ज्यावर शेळ्या चढत. चन्नाप्पाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"आंबेगाळीचा कशाला? आमच्यात काय कमी हाय व्हय?"

"मग सांगा की काका. हा दगड कसला?"

पाहुणे वळून बघायला लागले. एक बाई तर त्या घाण्याच्या दगडावर पाणी पिऊन पेला ठेवत होती. चन्नाप्पा खरं सांगणारच होता. पण सांगणार काय? की बाई, तुमचा तंबू आहे ना, तिथं प्लेगाची झोपडी होती आणि त्यातलं कुणी उठलं नाही? रातोरात गाड्या गोव्याकडं पळाल्या असत्या, आणि शेंगदाणे परत दुकानात आले असते.

"हितं सयाजी पडला," चन्नाप्पा म्हणाला. सयाजी हे नाव त्याच्या तोंडात कुठून आलं, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

"कोण सयाजी?"

"वीर हुता. शत्रूची फौज घाटातनं वर आली तवा एकटा आडवा झाला. एक गुडघा टेकून दिवसभर तलवार चालवली. त्यो गुडघा दगडात रुतला. ह्यो बघा खड्डा."

पाहुण्यांनी टॉर्च मारला. खड्ड्यात कोंबड्या झाकायची टोपली बसली असती.

"एवढा मोठा गुडघा?" एकानं विचारलं.

"त्या काळची माणसं," चन्नाप्पा म्हणाला, आणि सगळ्यांनी माना हलवल्या.

आठवड्यात यशराजनं पाटी रंगवली: 'वीर सयाजी गुडघा शिळा'. गोव्याच्या गाड्या मुद्दाम थांबायला लागल्या. आंबेगाळीचा बुरूज ओस पडला, शेळ्यासुद्धा इकडं चरायला यायला लागल्या. चन्नाप्पा रोज संध्याकाळी जाई आणि रोज सयाजीला थोडं वाढवी. घोडा दिला, ढाल दिली, मिशा दिल्या. दानम्मा म्हणाली, "अवं, आता पुरं करा. त्यो एक दिवस जेवाय यील." चन्नाप्पा हसला. हसायला नको होतं.

कारण माघात गणपतराव दुकानात आला आणि खुर्ची ओढून बसला. "चन्नाप्पा, तुझे उपकार झाले बघ. आमचं घराणं नेमकं कुणाचं, त्ये कळत नव्हतं. सयाजी आमचाच."

"ते कशावरनं?"

गणपतरावानं धोतर वर करून गुडघा दाखवला. गुडघा चांगला दणकट होता. "आज्यापास्नं आमच्यात गुडघं असंच हायती. आता विड्याचं बोलू. रगत सांडलं त्याचा मान मोठा, का तेल विकलं त्याचा? चैतात पयला विडा आमच्या घरात."

चन्नाप्पाच्या हातातला तराजू तसाच लोंबत राहिला. बाप गेला त्या वर्षी सुतकातही पंचांनी तो विडा दाराशी आणून दिला होता, आणि आता आपल्याच तोंडच्या वाफेतून निघालेला माणूस तो न्यायला आला होता. त्याला मनापासून भीती वाटली. त्या दिवशी त्यानं ठरवलं की सयाजीला संपवायचा.

संध्याकाळी शेकोटीपाशी त्यानं पाहुण्यांना आणि मागं उभ्या असलेल्या गावकऱ्यांना सांगून टाकलं की सयाजी आजन्म ब्रह्मचारी होता. वंश नाही, वारस नाही, विषय संपला.

"दत्तक घेतला असणार की!" गणपतराव मागून ओरडला. "कोल्हापूरच्या मातीत दत्तकाला काय तोटा हाय?" सगळ्यांना पटलं.

दुसऱ्या दिवशी चन्नाप्पानं काळजावर दगड ठेवून सयाजीला पळपुटा केला. म्हणाला, तो लढलाच नाही, फौज बघून पाठ दाखवून पळाला, पळताना पडला आणि गुडघा फुटला.

"गनिमी कावा!" गाव एका आवाजात म्हणालं. सयाजीची किंमत दुप्पट झाली.

एवढ्यात गुंडू नावाचा एक शेतकरी लंगडत पुढं आला. संधिवातानं त्याचा डावा गुडघा सुजून नारळाएवढा झाला होता. आजवर गावानं त्याला त्यावरून चिडवलं होतं. आता तोच गुडघा तो मिरवत होता. "वंशज कोण, त्ये डोळ्यानं बघा," तो म्हणाला. पंच बसले, आणि पंचांसमोर दोघांचे गुडघे मोजायचे ठरले. आधी गणपतरावानं खड्ड्यात गुडघा घातला. गुडघा आत हरवला. मग गुंडूनं घातला. तोही हरवला, पण जरा कमी. गुंडूची माणसं ओरडली, गणपतरावाची माणसं म्हणाली की सूज धरायची नाही. डॉक्टरकडून सूज उतरवून परत मोजा, अशीही एक सूचना आली.

शेवटी चन्नाप्पाला राहवलं नाही. तो मध्ये जाऊन उभा राहिला.

"ऐका. सयाजी न्हवताच. म्या रचला. ह्यो माझ्या अज्जाच्या घाण्याचा दगड हाय. प्लेगात गाव हितं राहिलतं. ह्याच दगडात दाणं पिळून त्यानं तुमच्या आज्या-पणज्याला दिवं दिलं. त्याचा इडा हाय त्यो."

गणपतराव हसायला लागला.

"बघा! मान जाया लागला की घाणा पुढं केला. अरं, लिहून पाटी लागली हाय, पुण्याची लोकं फोटू काढून नेत्यात, आणि तू म्हणतोस सयाजी न्हवता? तू दुकानदार मानूस, तुला इतिहासातलं काय कळतंय?"

गुंडूलासुद्धा राग आला. "एका वीराला घाण्याला जुपतोस व्हय रं?"

चन्नाप्पा घरी आला आणि जेवला नाही. दानम्मानं पुढ्यात ताट ठेवलं, उचललं, परत ठेवलं. यात्रेच्या दिवशी तिनं सदऱ्याला इस्त्री केली, पण त्यानं तो घातला नाही. बनियनवरच देवळाच्या कट्ट्याशी, पार मागं जाऊन उभा राहिला.

पालखी सजली होती. गुरव हातात विडा घेऊन उभा होता. उजवीकडं गणपतराव, डावीकडं गुंडू, दोघांचे हात पुढं. गुरव उजवीकडं वळला की गुंडूची माणसं काठ्या उचलत. डावीकडं वळला की गणपतरावाची. ऊन चढलं. ढोलवाल्यांचे हात भरून आले. कॅम्पवरची पाहुणेमंडळी कॅमेरे घेऊन आली होती, ती सावली शोधायला लागली. अखेर पंचांतल्या म्हाताऱ्या बाळाबाईनं तोडगा काढला. "वंशजांचं मागनं बघू. इडा ज्याचा त्येला द्या. सयाजीलाच द्या. दगडावर ठेवा."

सगळी यात्रा माळाकडं निघाली. तंबूंच्या मधून पालखी घुसली, वाळत घातलेले टॉवेल पताकांसारखे पालखीला अडकले. दगडापाशी आल्यावर नवाच घोळ झाला. विडा ठेवायचा कुणी? गणपतरावानं ठेवला तर तो वंशज ठरणार, गुंडूनं ठेवला तर गुंडू. गुरव कुणाच्याच भांडणात पडायला तयार नव्हता.

"ज्याचा सयाजीशी काडीचा संबंध न्हाई, असा मानूस बघा," बाळाबाई म्हणाली.

गाव सगळं एकमेकांकडं बघायला लागलं. महिन्याभरात प्रत्येकानं कुठून ना कुठून सयाजीशी नातं लावून ठेवलं होतं. कुणाची पणजी त्याची मावशी, कुणाचा घोडा त्याच्या घोड्याचा पुतण्या. मग एकेक मान मागं वळली.

"चन्नाप्पा की!" गणपतराव ओरडला. "त्योच म्हणतोय सयाजी न्हवताच. ये रं फुडं. तू सयाजीचा कुणीबी न्हाईस, तू ठेव."

"मी कुणीबी न्हाई," चन्नाप्पा म्हणाला, आणि पुढं आला.

गुरवानं विडा त्याच्या हातात दिला. पहिला विडा, दर वर्षीसारखाच. चन्नाप्पा अज्जाच्या घाण्यासमोर बसला. खड्ड्याची कड घाण्याची लाकडी लाट फिरून फिरून गुळगुळीत झाली होती. त्यावरून त्यानं बोटं फिरवली आणि विडा आत अलगद ठेवला.

"तगो, अज्जा," तो कानडीत पुटपुटला. घे, आजोबा.

"काय म्हणालास रं?" गुंडूनं संशयानं विचारलं.

"मंत्र हुता."

ढोल कडाडले. पालखी उचलली गेली. गाव अख्खं, गणपतराव आणि त्याच्या जीपच्या ड्रायव्हरसकट, त्या घाण्याच्या दगडापुढं पालथं पडलं. चन्नाप्पाचे डोळे वाहत होते आणि हसू काही केल्या आवरत नव्हतं. इतक्यात कॅमेरा सरसावत यशराज आला.

"काका, जरा बाजूला होता? फोटोत फक्त घरातलेच पाहिजेत."

चन्नाप्पा बाजूला झाला. बायकांच्या गर्दीतून दानम्मा त्याच्याजवळ आली आणि पदराचं टोक पुढं केलं.

"पुसा डोळं," ती म्हणाली. "आणि फुडच्या वर्साला वाटीभर तेल आणा बरुबर. अज्जाला नुसतं पान कोरडं जाणार."